एसीतले टोमॅटो

"माझ्या केबिनमध्ये टोमॅटो कुणी भरले?" शेठ असे ओरडले, की वारूळवाडीतल्या आमच्या शेडचे पत्रे उडून थेट आणे पठारावर पडतील असं वाटलं. त्यांची खुर्ची बाहेर उन्हात, आणि आत एसीच्या गारव्यात टोमॅटोचे क्रेट छताला भिडलेले!

काम आमच्या मुकादमाचंच. या माणसाला एकच खोड. क्रेटवर टकटक करायचं आणि समोर येईल त्याला विचारायचं, "तुला काय वाटतं, राव?" दारातल्या म्हशीलाही विचारील आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबेल. काल त्यानं असंच विचारल्यावर माल निवडणाऱ्या मावशी चेष्टेत म्हणाल्या, "गाडी आली नाय, माल लई नासतोय. त्यालाच एसीत बसवा की!" सगळे हसले. मुकादम मात्र हसला नाही.

"कुणाचं डोकं हे? नाव सांग, आत्ता कामावरून काढतो!" शेठ मुकादमावर गरजले. मावशींच्या मुठीत टोमॅटो फुटला.

मुकादमानं क्रेटवर टकटक केली.

"माझंच डोकं, शेठ. टोमॅटो उन्हात नासतो. तुमी नाय नासत."