बसंतोदाचं ‘डानीकडे’

उजवीकडे सरकवायची कळ मी डावीकडे सरकवली आणि ऑफिसचं मशीन दोन दिवस निम्म्या डोक्याने चालवलं.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. कलकत्त्याच्या आमच्या संस्थेत खोलीभर पसरलेला एक संगणक होता. त्याच्यासाठी मेमरीचं दुसरं कार्ड आलं. ते बसवल्यावर मशीन सुरू करताना त्याला जोडलेल्या टाइपरायटरवर मेमरीचा दुप्पट आकडा उमटायला हवा. उमटत होता जुनाच.

मशीनची नाडी कळायची ती बसंतोदाला. मूळचा वसंत. आजोबांपासून बागबाजारात राहिलेलं मराठी घर. म्हणून ऑफिसने त्याला बसंतो केलं आणि मानाचा ‘दा’ लावला. मला नागपूरहून येऊन सहा वर्षं झाली तरी ‘बोर्गी’च म्हणत, म्हणजे बंगाल लुटायला आलेला मराठा घोडेस्वार. त्या मराठ्यांना अडवायला कलकत्त्याने खणलेला खंदक त्याच्या घरापाशी, आणि लुटारू मी.

त्याची मोडकी मराठी हाच माझा एकमेव दिलासा. “विनायक, पाणी खातोस?” असं विचारायचा. बंगालीत पाणी, चहा, सिगारेट, सगळं खातातच. एकदा मी सगळ्यांदेखत हसलो. तो बंगालीत म्हणाला, “खातो म्हटलं की पोटही भरतं रे.” सगळे हसले, त्याच्या बाजूने.

त्याच आठवड्यात साहेब मशीनचा प्रमुख नेमणार होते. ती खुर्ची मला हवी होती आणि त्याला मिळायला नको होती. दुसरं जरा जास्तच.

बसंतोदा भाचीच्या लग्नाला निघाला होता. जाता जाता म्हणाला, “नव्या कार्डावरची कळ डानीकडे सरकव.” एअरकंडिशनरच्या घरघरीत मला ऐकू आलं डावीकडे. बंगालीत डान म्हणजे उजवं. दोन दिवस मी ते कार्ड काढलं, पुसलं, बसवलं, पुन्हा पुसलं. शेवटी, कार्डच सदोष आहे असं खरमरीत पत्र पुरवठादाराला लिहून साहेबांच्या सहीसाठी ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तो लग्नातल्या संदेश मिठाईचा डबा घेऊन हजर. कार्डाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “जुनं नि नवं, दोन्ही कार्डं ओरडतायत, मीच पहिलं, मीच पहिलं. मशीन बिचारं एकच मोजतं.” बोटाने कळ उजवीकडे, दुसऱ्या नंबरावर लोटली. टाइपरायटरने निमूटपणे दुप्पट आकडा छापला.

साहेबांनी माझं पत्र उचलून विचारलं, चूक कुणाची? मी घसा खाकरतोय तोवर तो म्हणाला, “माझी, सर. मराठीत सांगताना मध्येच बंगाली बोललो.” मी गप्प बसलो. वर रागही आला, की या माणसाने माझी चूकसुद्धा माझ्याकडे राहू दिली नाही.

खुर्ची मला मिळाली. लोक मात्र अडलं की त्याच्याच टेबलाशी जात. मीही जायचो, कुणी बघत नाही असं पाहून.

काही वर्षांनी त्याला दुर्गापूरला नोकरी लागली. हावड्याला निम्मं ऑफिस पोचवायला आलं होतं. खिडकीतून माझा हात धरून तो माझ्या बायकोला म्हणाला, “वहिनी, याला सांभाळा. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारा एवढाच मित्र होता.”

ट्रामने परतताना मी बायकोला पहिल्यांदाच सगळं सांगितलं: कळ, पत्र, साहेबांसमोर गप्प बसणं, इतक्या वर्षांची जळफळ. वाटलं, समजूत घालेल.

“इतकी वर्षं जळलात,” ती म्हणाली, “आणि त्या माणसाला साधा धूरसुद्धा दिसला नाही.”