आपल्याच वायनरीच्या दाराबाहेर

आश्लेषा नाशिकची. मायक्रोबायॉलॉजी शिकून तिनं दिंडोरीजवळच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये नोकरी केली. शंतनूशी लग्न करून अमेरिकेत बेलव्ह्यूला आली, तेव्हा मात्र घरी बसण्यावाचून इलाज नव्हता. तो सॉफ्टवेअरमधला, नोकरीच्या व्हिसावर. ती त्याच्या व्हिसाला बांधलेली. पुढे त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत लागला आणि तिला वर्क परमिट मिळालं.

मग तिनं वेळ घालवला नाही. जवळच्याच वुडिनव्हिलमध्ये एका गोदामात रीमाबरोबर छोटी वायनरी काढली. रीमा इथेच जन्मलेली, मराठी आईबापांची मुलगी. विक्री आणि पाहुणे तिच्याकडे. टाक्या, पिंपं आणि चव आश्लेषाकडे. द्राक्षं डोंगरापलीकडच्या याकिमा खोऱ्यातून ट्रकनं यायची. सासूबाई पुण्यात सगळ्यांना सांगायच्या, सूनबाईंचा द्राक्षरसाचा उद्योग आहे.

तिसऱ्या हंगामात, द्राक्षं उतरायच्या तोंडावर तिचं परमिट संपलं. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेला होता, पण उत्तर नव्हतं. पूर्वी उत्तर येईपर्यंत नुसत्या अर्जावर काम चालू ठेवता यायचं. ती सोय बंद झाली होती. वकिलीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, मालकी ठेवा, पण काम करू नका. बिनपगारीही नाही. साधी नळीसुद्धा धुऊ नका, सल्ला देऊ नका.

आश्लेषा घरी बसली. या दिवसांत रस आंबत असतो, साली वर तरंगतात आणि रोज खाली दाबाव्या लागतात. ते आता रीमा एका शिकाऊ मदतनिसाला घेऊन करत होती. रीमाचे फोन यायचे. आश्लेषा हवापाण्याचं बोलायची आणि ठेवून द्यायची.

एका शनिवारी न राहवून ती गेली. पाहुण्यासारखी दारात उभी राहिली. आत पाऊल टाकण्याआधीच तिला वास आला, नासक्या अंड्यांचा. मोठ्या टाकीतलं यीस्ट उपाशी पडलं होतं. त्याला खाणं हवं होतं, रसाला हवा द्यायला हवी होती. आजच केलं असतं, तर वाईन वाचली असती.

रीमा हात पुसत बाहेर आली. "वास येतोय ना तुला? इज इट बॅड? काय करू?"

आश्लेषाच्या तोंडात उत्तर तयार होतं.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "कुणीतरी कन्सल्टंट बघ. आजच."

"तुला माहितेय, आणि तू सांगत नाहीयेस?"

आश्लेषा गाडीत जाऊन बसली. घरी शंतनू म्हणाला, एक वाक्य बोलली असतीस, कुणाला कळणार होतं? त्याला ती म्हणाली, "कळलं तर माझं ग्रीन कार्ड हातचं जाईल. एवढी वर्षं आपण कशासाठी थांबलोय?" टाकीवर झाकण टाकावं तसं आपल्यावर कुणीतरी टाकलंय, आणि ते आतून आपणच धरून ठेवलंय, असं तिला वाटत राहिलं.

ऐन हंगामात कन्सल्टंट लवकर मिळाला नाही. तो आला तोवर मोठी टाकी हाताबाहेर गेली होती. रीमानं ती गटारात सोडली आणि तसा मेसेज केला, पुढे एक शब्द न लिहिता.

डिसेंबरात परमिट आलं. आश्लेषा दुसऱ्याच दिवशी कामावर गेली. उरलेल्या पिंपांतली वाईन तिनं चाखली. चांगली होती, कन्सल्टंटनं नीट सांभाळली होती. आपली मात्र वाटली नाही. रीमा समोर उभी होती, अदबीनं, नव्या माणसाशी बोलावं तशी.

"मी तेव्हा बोलू शकत नव्हते गं," आश्लेषा म्हणाली.

"आय नो. लॉयरनं मलाही समजावलं." रीमा म्हणाली. "पण मी एकटी होते."

नव्या परमिटची मुदत शंतनूच्या व्हिसाएवढीच होती. ती पुढच्या सप्टेंबरात, पुन्हा द्राक्षं उतरायच्या वेळेलाच संपत होती. दोघींनी मिळून कॅलेंडर पाहिलं. मग रीमानं कन्सल्टंटला फोन लावला आणि त्याचा पुढचा हंगाम आत्ताच बुक केला. आश्लेषा शेजारी बसून ऐकत होती. तिनं हरकत घेतली नाही.