बाटलीला तोंड लावेना

मुलगी साडेचार महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली. सहा महिन्यांची रजा आणि मुलगी साडेचारचीच कशी, असं सासूबाईंनी मला दोनदा विचारलं. शेवटी शेवटी पायांवर सूज आली होती, जीपच्या मागच्या बाकावर बसून डोंगर चढणं जमेना, म्हणून रजा बाळंतपणाआधीच सुरू करावी लागली होती. सरकारला पोट दिसत नाही, तारीख दिसते.

मी नर्स आहे. तळोद्याच्या वर, सातपुड्यातल्या एका उपकेंद्रात. सासर कळसाडीचं. सकाळी पहिल्या बसने तळोदा, तिथून जीपने वर, आणि संध्याकाळी तसंच परत. घरी पोचेपर्यंत दिवेलागण होते. एवढी ओढाताण कशाला करतेस, असं माहेरचेही विचारतात. खरं सांगायचं तर मला ती जीप आवडते. घरात डोक्यावरचा पदर ढळलेला चालत नाही. जीपमध्ये बसले की मी तो खांद्यावर टाकते आणि गार वारा केसांना लागतो. वरच्या बायका मला सिस्टर म्हणतात. माझं ऐकत नाहीत, हुज्जत घालतात, पण माझ्याशी घालतात. घरात माझ्याशी हुज्जत कुणी घालत नाही, मला नुसतं सांगतात. नोकरी सुटली असती तर पगारापेक्षा हे जास्त गेलं असतं.

आणि मुलगी बाटलीला तोंड लावत नव्हती.

यातली गंमत मला तेव्हाही कळत होती. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर बाटलीचं चित्र आहे आणि त्यावर लाल फुली. ते चित्र मीच खळ लावून चिकटवलंय. मोडक्यातोडक्या पावरीत, वरच्या पाड्यांच्या बोलीत, मी किती जणींना दरडावलंय की बाटली नको, अंगावरचं पाजा, नाहीतर वाटी-चमचा घ्या. वाटी-चमचा मी आधी घरीही करून पाहिला. सासूबाईंचा हात कापतो. अर्धं दूध मुलीच्या गळ्यापाशी जायचं आणि उरलेलं ती फुर्र करून त्यांच्या तोंडावर उडवायची. दिवसभराचं पोट असं भरणं शक्यच नव्हतं. शेवटी मी शहाद्याला मेडिकलमध्ये गेले. तिथले शेठ मला ओळखतात. बाटली कुणासाठी, असं त्यांनी सहज विचारलं आणि मी सांगितलं, पेशंटसाठी. त्यांनी वर मला सल्लाही दिला की सिस्टर, त्या बाईला सांगा, नीट उकळून घ्यायची. मी हो म्हटलं.

दूध मी वाटीत काढायचे, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. सासूबाई ती बाटली कोथिंबिरीच्या जुडीमागे लपवायच्या, कारण शेजारणी बर्फ मागायला येतात आणि अंगावरच्या दुधाला नजर लागते. ठरलेल्या वेळी त्या बाटली गरम पाण्यात धरत, मुलीला मांडीवर घेत आणि बाटलीचं रबरी बूच तिच्या ओठांना लावत. मुलगी आधी हसायची. मग ओठ घट्ट मिटायची. जोर केला तर मान फिरवायची, आणि बूच चुकून आत गेलंच तर असा चेहरा करायची की जणू कुणी कारल्याचा रस दिलाय. मग रडायची. मग सासूबाई तिला उचलून माझ्याकडे आणून द्यायच्या आणि माझा पदर धरून ती दोन मिनिटांत गप्प व्हायची. दुसरं बूच आणलं, मऊ. तेही नको. माझी जुनी साडी सासूबाईंच्या खांद्यावर टाकून पाहिली. तिने साडीचा वास घेतला, साडीत मला शोधलं आणि मी सापडले नाही म्हणून ती दुप्पट आवाजात रडली.

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं बुचाला मध लावा. मध मी लावू दिला नाही, त्यावरून सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं स्वतःचं म्हणणं एकच होतं आणि ते त्या दर तासाला म्हणायच्या. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. "भूक लागनी का पिई बरोबर. तू घरमा शे म्हणीसन ती नखरा करस."

यात तथ्य होतं, ते मलाही पटलं. म्हणून एक दिवस मी सकाळीच घरातून निघाले आणि चुलतसासूबाईंच्या घरी जाऊन बसले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. ऊन तापलं होतं, त्यांच्याकडे पापडाचं पीठ मळणं चाललं होतं. मी लाट्या करत बसले. मला तिथून काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजात मला रडणंच ऐकू येत होतं. दुपारपर्यंत ब्लाऊज ओला झाला. चुलतसासूबाईंनी न विचारता एक जुनी साडी फाडून तुकडा दिला. तो छातीशी दाबून मी लाट्या करत राहिले. ऊन उतरायला लागलं तेव्हा मला राहवेना आणि मी घरी आले.

मुलगी झोपली होती. रडून रडून झोपली होती. आवाज बसला होता, झोपेतही तिला हुंदका येत होता. बाटली भरलेली होती, जशी मी सोडून गेले होते तशी. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. एवढीशी पोर आणि एवढा हट्ट कुणाचा घेतला, म्हणाल्या. मी मुलीला उचललं तर ती जागी होण्याआधीच तोंड उघडून शोधायला लागली. मला तिचा राग आला आणि माझाही आला. मी शेकडो बाळंतिणींना पाजायला शिकवलंय. मला स्वतःच्या लेकराचं पोट भरायची तजवीज करता येत नव्हती.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, नोकरी राहू दे मग. वाईट मनाने म्हणाला नाही. तो केळी आणि कपाशी पाहतो, माणूस मऊ आहे. आमच्या खोलीचं दार लागलं की तो मुलीला छातीवर पालथी टाकतो आणि ती तिथे गप्प पडून राहते, त्याच्या शर्टाचं बटण चोखत. त्या रात्रीही तेच चाललं होतं. मी बघत होते आणि एकदम मला कळलं की आम्ही बाटली चुकीच्या मांडीवर देतोय. सासूबाईंची मांडी म्हणजे मुलीला ठाऊक होतं, जरा रडलं की इथून उचलून आईकडे नेतात. ती त्याचीच वाट पाहायची. बापाकडून तिला दुधाची आशाच नव्हती. त्याच्याकडचं बटणही ती आनंदाने चोखत होती.

मग सोपंच होतं, कुणीही म्हणेल. बापाने पाजावं. शेत गावालगतच आहे, दिवसातून दोन-तीनदा घरी येणं त्याला अवघड नव्हतं.

पण आमच्याकडे बाप आपल्या वडिलांसमोर स्वतःचं लेकरू उचलत नाही. आता हे कुणी पाळत नाही असं सगळे सांगतात आणि पाळतात. पोर जिन्यावरून पडत असलं तरी बाप बायकोला हाक मारतो. माझा नवरा दिवसा मुलीच्या पाळण्याजवळून असा जातो की जणू ती शेजारची आहे. आणि त्याचे वडील, आमचे आबा, दिवसभर घरातच असतात. गुडघ्यांनी त्यांना दोन वर्षांपासून घरात बसवलंय. मधल्या खोलीत खाट, खाटेवर आबा, आणि पंखा तेवढ्याच खोलीत नीट चालतो. आमच्या खोलीवर पत्रे आहेत, उन्हाळ्यात दिवसा तिथे मोठं माणूस टिकत नाही, तर लेकरू कुठून टिकणार? म्हणजे पाजायचं तर आबांच्या डोळ्यांसमोरच पाजायचं.

नवऱ्याला सांगितलं तर तो खाली बघायला लागला. आबा काही म्हणणार नाहीत, मी म्हटलं. म्हणणार नाहीत म्हणूनच, तो म्हणाला. सासूबाईंना सांगितलं, तुम्ही आबांना विचारा. त्यांनी हातच जोडले. आबांनीही स्वतःच्या वडिलांपुढे आपल्या या एकुलत्या मुलाला कधी उचललं नव्हतं. तो तापाने फणफणला होता तेव्हा आबा दवाखान्यापर्यंत मागे मागे चालत आले होते आणि पोर सासूबाईंच्याच कडेवर होतं. त्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू, त्या म्हणाल्या. आणि मी तर आबांशी बोलतच नाही. भांडण नाही, तशी रीतच आहे. चहा ठेवते, पाणी ठेवते, काही विचारायचं झालं तर सासूबाईंमार्फत विचारते.

एका घरात चार मोठी माणसं. चौघांनाही लेकराने प्यावं असं वाटत होतं, आणि एकालाही तोंड उघडता येत नव्हतं.

कामावर जायला दोन दिवस उरले तेव्हा सासूबाईंनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. मी मागच्या दारी म्हशीच्या गोठ्यापाशी लपून बसले, लांब जाण्याचं धाडस आता माझ्यात नव्हतं. रडणं सुरू झालं. वाढलं. नवरा शेतातून जेवायला आला होता, तो मागच्या दाराच्या उंबऱ्याशी येऊन थांबल्याचं मला दिसलं. हात खाली सोडलेले, मान खाली. मुलीचा आवाज फाटायला लागला आणि सासूबाई नुसत्याच देवाचं नाव घ्यायला लागल्या. मला माहीत होतं, मी आत गेले की तिला पाजणार, आणि पाजलं की सगळं संपलं. राजीनामा कसा लिहितात तेही मला माहीत नव्हतं.

मी आत गेले. सासूबाईंकडून मुलीला घेतलं. ती माझ्या ब्लाऊजला झोंबायला लागली, मी तिला हाताने दूर धरलं आणि तशीच खाटेसमोर जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावर होता, नजर खाली होती. आबांकडे नाही, मुलीकडे बघून बोलले. मोठ्यांना काही सांगायचं तर लेकराला सांगतात, तेवढी एक वाट आमच्याकडे सुनांना मोकळी असते.

"सांग बेटा, सांग आबासले. म्हण, मन्ही माय कामवर जाई ऱ्हायनी. मले मन्हा बापनी मांडीवर पिऊ द्या."

माझा आवाज चढला होता. मुलगी रडत होती म्हणून चढला असं मी नंतर सासूबाईंना सांगितलं. खोलीत पंखा फिरत होता आणि दुसरं कुणी हलत नव्हतं. मला वाटलं, झालं, आता माहेरी पाठवणार. मग खाट करकरली. आबांनी दोन्ही हातांनी आधी एक गुडघा उचलला, मग दुसरा, आणि पाय खाटेच्या पलीकडच्या बाजूला सोडले. त्याला बराच वेळ लागला. आता त्यांचं तोंड भिंतीकडे होतं आणि आमच्याकडे पाठ.

मी मुलीला नवऱ्याच्या हातात दिलं. बाटली त्याच्याजवळ ठेवली आणि बाहेर निघून आले, कारण मी तिथे असेपर्यंत ती पिणार नव्हती.

गोठ्यापाशी मी पुन्हा बसले. आतलं काही दिसत नव्हतं. मुलगी आणखी जोरात रडली, इतकी की मी उठले आणि दावणीला धरून पुन्हा बसले. मग ती थांबली. थांबली म्हणजे काय, ते मला कळेना. पितेय, दमलीये, की दूध श्वासात चढलंय? नर्स म्हणून मला तिन्ही माहीत होती आणि तिन्हींचा आवाज सुरुवातीला सारखाच असतो.

मग आबांचा आवाज आला. भिंतीला आपटून यावा तसा.

"बाटली कलती धर. वारा जाई ऱ्हायना तिन्हा पोटमा."

त्यांनी मान वळवली होती की चुकचुक आवाजावरून ओळखलं, मला माहीत नाही. विचारायची सोय नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा आबाच बोलले, या वेळी हळू.

"पी ऱ्हायनी का?"

"हाव, आबा. पी ऱ्हायनी."

स्वतःच्या मुलीबद्दल तो आपल्या वडिलांशी पहिल्यांदाच बोलला होता. मला दोघांचे चेहरे बघायचे होते. तिचाही बघायचा होता, बाटली तोंडात असलेला. पण तिचं पिणं ऐकून माझं दूध आपोआप वाहायला लागलं होतं, पदर भिजला होता, आणि त्या वासासकट मी दारात गेले असते तर तिने बाटली टाकून दिली असती. मी दोन्ही हात छातीवर दाबून गोठ्यातच बसून राहिले. ती पोटभर पीत होती आणि मला आत जाता येत नव्हतं.