रसवाल्या मावशींचे दात

वडीगोद्रीच्या फाट्यावर मोसंबीचा रस विकणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मावशी म्हणत, मीही म्हणायचो. शाळेवर शिकवायला जाताना मी तिथंच एसटी बदलायचो. रसाचं प्रत्येक भांडं मावशी आधी स्वतः चाखायच्या. "खराब रस मी कोणाला देत न्हाई, बिलकुल न्हाई!"

वर्षानुवर्षांच्या त्या चाखण्यानं त्यांचे पुढचे दात झिजून पिवळे आणि पातळ झाले. गार पाणी लागलं की त्या कळवळायच्या. गाड्यावर मदत करणारे दीर म्हणाले, "वहिनी, सगळे काढून टाका अन् कवळी बसवा."

"दात माझे हायेत. मी ठेवणार," म्हणत मावशी जालन्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

परत आल्यावर मला म्हणाल्या, "किडले न्हाईत म्हणे, गुरुजी. रोजच्या आंबटानं वरचं कवच गेलंय. चाखणं कमी करायचं, चाखलं की साध्या पाण्यानं चूळ भरायची, लगेच ब्रश घासायचा न्हाई."

त्यांनी ते बरोबर पाळलं. डॉक्टरीणबाईंनीही काही खेपांत दाताच्याच रंगाचं, दात भरायचं सिमेंट थराथरानं लावून झिजलेले दात पुन्हा उभे केले.

जालन्याच्या शेवटच्या खेपेहून परतल्या तेव्हा मी फाट्यावरच होतो. मावशींनी माठातलं गार पाणी ग्लासात घेतलं. दीर शेजारीच मोसंबी कापत होते. मावशींनी एका दमात ग्लास रिकामा केला.

"भाऊजी, जरा बी लागलं न्हाई!" मावशी ओरडल्या. सगळा फाटा वळून बघायला लागला. त्या मनमोकळं हसल्या आणि दुसरा ग्लास भरून घेतला.