गोजाबाईच्या दहा घोंगड्या

गोजाबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही बाई वाट चुकून बाजारात आलीय, असंच पीरसाबला वाटलं होतं. पुढं हे कबूल करताना तो पोट धरून हसायचा. हसेल नाही तर काय करेल बापडा!

सोलापूरहून घोंगड्या नेऊन विकणारे तिघं. पीरसाब, ईरप्पा आणि ही धनगराची विधवा गोजाबाई. बार्शी, कुर्डुवाडी, नातेपुतं हे तिन्ही बाजार तिघंही करायचे. पण बार्शीत जास्त खप बाईचा, कुर्डुवाडीत ईरप्पाचा आणि नातेपुत्यात पीरसाबचा. दर सगळीकडं तीन रुपये.

सन तीसच्या सुमारास पीरसाबला हाव सुटली. बार्शीत त्यानं अडीचला घोंगडी लावली. बाईची गिऱ्हाइकं उठून त्याच्याकडं! बार्शी सुटली तर तिला लोकांची मेंढरं राखायला जावं लागणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

"आक्का, तूबी उतर की," ईरप्पा म्हणाला.

"हितं कशी उतरू? हितं तर माझाच ढीग पडलाय."

पुढच्या नातेपुत्याच्या बाजाराला बाई गेली ती फक्त दहा घोंगड्या घेऊन. बरोब्बर पीरसाबच्या समोर बसली आणि दर लावला दोन रुपये. दहा काय, घटकेत संपल्या. पण नंतर पीरसाबच्या साठ घोंगड्यांच्या ढिगाला कुणी तीन द्यायला तयार होईना. "बाई दोनला देती, तू कुठला नवाब?" गिऱ्हाइकं ऐकवायची. बाईला चटका बसला तो दहांचा, ह्याला साठांचा.

पुढच्या बाजाराला बाई पुन्हा दहा घेऊन हजर.

त्याच आठवड्यात पीरसाब बार्शीत मुकाट्यानं तीनवर आला. कुर्डुवाडीत बसून हे सगळं ऐकणाऱ्या ईरप्पानं तर बार्शीत आपणही दर पाडावा हा मनातला विचारच सोडून दिला.

"आक्का, झालं ना मनासारखं? आता नातेपुत्याला येऊ नका," पीरसाब म्हणाला.

"येणार की. दहा घेऊन. दर तुझाच, तीन."

"तीननं तुमच्या इकतील व्हय तितं? मग येता कशाला?"

"तुला दिसाया."

"बरं, मग तिकडं विहिरीमागं बसा."

"विहिरीमागनं तुला दिसंन व्हय मी? समोरच बसणार."

"समोर न्हाय!"

"मग बाजूला बसू? तुझ्या ढिगाला टेकून?"

पीरसाबनं कपाळाला हात लावला. "समोरच बसा, आक्का."