चाकण नाक्यावरचा तांबडा दिवा

संपादक आणि वाचक मंडळींची आधी क्षमा मागतो. इंटरच्या विद्यार्थ्याने मासिकात लिहावे, हे धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता... अजूनही ‘भूत’ हा शब्द माझ्याने लिहवत नाही. घडले तेवढेच सांगतो.

आम्ही चाकणजवळच्या महाळुंग्याचे. थोरला भाऊ — दादा — गावोगाव फिरून विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त करायचा. लष्कराच्या भंगारातली एक मोटारसायकल त्याने त्यासाठी उभी केली होती. माझ्या कॉलेजचा खर्च तिच्यावरच चालला होता. हेडलाइटला मात्र त्याने तांबडी काच बसवली होती.

“बैलगाडीवालं हटत न्हाईत रं,” तो म्हणायचा. “तांबडं दिसलं की सायब आला म्हणून बाजूला व्हत्यात!”

चाकण नाक्यावरच्या पोलीस जमादारांनी त्याला एकदा पकडून सोडले, पण ही काच लावून पुन्हा दिसलास तर लायसन्स जाईल, असे बजावले. मी पुण्याच्या लायब्ररीतून नियम उतरवून आणला : पुढे तांबडा उजेड चालत नाही, तांबडा फक्त मागे. दादाने काच काढून माझ्या हातात दिली.

“तूच ठेव, वकीलसायेब. माझ्यापाशी ऱ्हायली तर मी परत लावीन.”

काचेच्या खालच्या कडेचा टवका उडाला होता. रुमालात गुंडाळून मी ती माझ्या कॉलेजच्या पिशवीत ठेवली. ती तिथेच असायची.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी मी चाकणला एस.टी.तून उतरलो. दिवेलागणीची वेळ. तळेगावच्या रस्त्यावर तांबडा दिवा दिसला. तांबडा, म्हणजे गाडी पलीकडे चालली आहे, असे मी धरले. पण आवाज तर जवळ येत होता... मध्येच एक ठोका चुकणारा, दादाच्याच गाडीचा! तांबड्या उजेडात खाली टवक्यातून पांढरी रेघ. जमादारांनी हात केला, शिटी फुंकली. गाडी थांबली नाही. स्वाराचा चेहरा दिसला नाही.

“काय रं कॉलेजवाल्या, तुझ्याच भावाची न्हवं ही गाडी?” जमादारांनी मला हटकले.

दादाने पिशवीतून काच काढून घेतली, मला सांगितलेसुद्धा नाही — या विचाराने माझा संताप झाला. खोटे तर बोलायचे नव्हतेच.

“हो. त्याचीच.”

“मग कर सही जबाबावर.”

मी केली. शेजारचा गाडीवान खिदळला, “शिकल्यालं पोरगं भावालाच धरून देतंय की!”

घरी दादा नव्हता. तळेगावला कामाला गेलाय, आई म्हणाली. तेव्हा कुठे मी खांद्यावरची पिशवी उघडली. रुमालाची गाठ मी मारली होती तशीच. सोडली, तर आत काच... आणि ती इतकी तापलेली होती, की बोटे भाजून हातातून सुटली आणि अंथरुणावर पडली.

रात्रभर डोळा लागला नाही. जमादारांकडे परत जायला हवे होते. गेलो नाही. काय सांगणार होतो? सकाळी परीक्षेसाठी पुणे गाठले आणि परीक्षा संपल्यावर दादाला सगळे पत्राने कळवले. आजवर या गोष्टीचा उलगडा मला झालेला नाही.

परवा त्याचे कार्ड आले :

“गाडी सोमवारपासून तळेगावात मिस्त्रीच्या पडवीत इंजिन उघडून पडली होती. मिस्त्रीने कोर्टात तसे सांगितले. पण साहेब म्हणाले, सख्खा भाऊ खोटी सही कशाला करील? लायसन्स गेले. तुझे पत्र निकालानंतर मिळाले. जबाब मला दाखवला. तुझे अक्षर फार चांगले झाले आहे.”