कॅमेऱ्याची मान कोण वळवतं

आधी कॅमेऱ्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. बटाट्याएवढा पांढरा कॅमेरा, आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर बसवलेला, आणि त्याला मान होती. खरंच मान. मोबाईलवर बोट सरकवलं की ती हळूहळू वळायची, दारात कोण आलं म्हणून एखादी म्हातारी बघते ना तशी, आणि वळताना बारीक घुर्र असा आवाज यायचा.

त्या दुपारी मी सोफ्यावर लोळत होते. माझा मोबाईल आत चार्जिंगला. मम्मी खाली हिरव्या चटईवर साडीला खडे चिकटवत बसलेली. आणि कॅमेरा वळला. आधी दारावरून किचनकडे, मग किचनवरून मम्मीकडे. तिथे थांबला.

मम्मीचा गमची बाटली धरलेला हात तसाच वर राहिला. एरवी सुरतेत राहून राहून तिच्या बोलण्याची खिचडी झालीय, मराठी, गुजराती, हिंदी, जे तोंडाला येईल ते. पण घाबरली किंवा रागावली की शुद्ध अहिराणी बाहेर येते.

"मना घरमा माले कोन देखी ऱ्हायनं?"

मी म्हटलं, "दादा असेल गं." दादा म्हणजे माझा भाऊ, तो तेव्हा नाशिकला. लगेच फोन लावला. तो म्हणाला, "मी कॅन्टीनमध्ये जेवतोय, हातात पोळी आहे, मी कशाला बघू?"

मग कोण?

आता थोडं मागे जाते. पर्वत पाटियाच्या मागे एका सोसायटीत आमचं घर आहे. दादाला इथे सुरतेजवळ कामरेजला नोकरी लागली, म्हणजे तो आणि वहिनी आता नाशिकची भाड्याची खोली सोडून आमच्याकडे राहायला येणार, म्हणून पप्पांनी घराचं काम काढलं. वरची खोली नवी केली, त्यांच्यासाठी. खाली फरशी, पीओपी, नवीन वायरिंग. आणि दादाने फोनवरून डोक्यात भरवलं की आता केलंच आहे तर स्मार्ट करा. बोटाने उघडणारं कुलूप, फोटो काढणारी बेल, आणि हा कॅमेरा. मी तर नाचत होते. दुकानातून काय काय आणायचं त्याचे व्हिडिओ बघून बघून माझं सगळं पाठ झालं होतं.

मम्मी एकटीच विचारत होती, कॅमेरा कशाला?

दादा म्हणाला, "सेफ्टी. पप्पा मिलमध्ये, ही कॉलेजला, तू दिवसभर एकटी."

"मी कधी एकटी असते रे?"

ते खरंच होतं. टेम्पोवाला मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे टाकून गेला की गल्लीतल्या बायका जेवणं आटपून आमच्याच हॉलमध्ये जमायच्या. साड्या पसरायच्या, खडे चिकटवायचे, चहा व्हायचा, आणि गल्लीत कोणाचं काय चाललंय ते सगळं तिथे निघायचं.

पण कॅमेरा बसला. बसवायला आला तो मेन रोडवरचा दुकानवाला, स्वतःच. त्याने पप्पांना ईमेल आणि पासवर्ड विचारला. पप्पांनी आधार कार्ड आणून दिलं. तो हसला. मला माझा पासवर्ड आठवेना, तीनदा चुकला, मग लॉक झाला. दुकानवाला घाईत होता, म्हणाला, "टेन्शन नका घेऊ बेन, माझ्या नंबरवर चालू करतो, मग तुम्हाला बधांना शेअर करी देईश." आणि केलंच. माझ्या मोबाईलवर हॉल दिसायला लागला, दादाच्याही, दादाने मग वहिनीच्या मोबाईलवरही टाकून दिला. कुलपाला टेस्टिंग म्हणून त्याने पहिल्यांदा स्वतःचा अंगठा लावला, दार बोललं, आम्ही सगळे खूश. मम्मीचं बोट मात्र मशीनला सापडेचना. गम आणि खडे करून करून तिची बोटं पार गुळगुळीत झालीत. तिला आकडे दाबायला दिले.

तर कॅमेरा बघायला किती मोबाईल? माझा, दादाचा, वहिनीचा. माझा चार्जिंगला होता. दादाच्या हातात पोळी होती.

मम्मीने हिशेब केला, राहिला वहिनीचा, आणि परत खडे चिकटवायला लागली.

त्यात आधीची एक गोष्ट होती. त्याच आठवड्यात वहिनी फोनवर सहज बोलून गेलेली, "मम्मी, पिवळ्या साड्या आल्यात ना, छान दिसताहेत." आता त्या साड्यांचा फोटो मीच तिला पाठवला होता, तिला पिवळा आवडतो म्हणून. मी मम्मीला मोबाईल काढून फोटो दाखवला. ती म्हणाली, "तू पाठवला असशील. पण तिने त्याच्या आधी बघितलं नाही कशावरून?"

मी मोबाईल परत चार्जिंगला लावला.

मग मम्मीने एक ब्लाऊजपीस घेतला आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरून ओढला. पण गल्लीत बातमी गेलीच. शेजारच्या काकू, ज्या रोज सगळ्यात आधी यायच्या, दारातूनच म्हणाल्या, "नको गं बाई, तुझ्या सुनेला माझा फाटका गाऊन कशाला दाखवू?"

"झाकलाय मी त्याला."

"झाकला तरी कान उघडे आहेत ना त्याचे."

आणि त्यांचं चूक नव्हतं, आवाज जातो त्यातून. एकेक करून बायका यायच्या बंद झाल्या. मम्मी गठ्ठा घेऊन गच्चीवर पत्र्याखाली बसायला लागली. सुरतेचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर कळेल. गम बाटलीतून बाहेर आला की वाळायचा, खडा बसायच्या आत. साड्या झटकल्या की खडे गळायचे, मार्केटमधल्या पार्टीने माल परत पाठवला. मम्मी तोच माल परत पुसून परत चिकटवत बसायची, एकटी. मी खाली बोलावलं की म्हणायची, "नको. तिथे सून बसलीय."

हे वहिनीपर्यंत जाणारच होतं. तिने मला फोन केला, दादाला नाही, मला.

"ताई, खरं सांगा, मम्मी मला चोर समजतात का?"

"चोर नाही गं वहिनी."

"मग काय? मला ऑफिसात मान वर करायला वेळ नसतो, मी तिथे बसून सासूला बघत बसू?"

तिने माझ्यासमोर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, ते अ‍ॅप काढून टाकलं. मी मम्मीला जाऊन सांगितलं. मम्मीने विचारलं, "काढलेलं परत टाकता येतं ना?"

येतं. मी काय खोटं बोलू?

दोन दिवसांनी दादाचा आवाज वेगळाच. "ती म्हणते, तिकडे येऊन रोज हेच ऐकायचं असेल तर मी येत नाही. मी कामरेजला एकटा खोली बघू का?" पप्पा वर गेले आणि त्या नव्या खोलीचा पंखा उगाच लावून बघितला, चालतो का. मग बंद करून आले.

माझं डोकं फिरलं. मी दादाला म्हटलं, तूही अ‍ॅप काढ. त्याने काढलं. फक्त माझा मोबाईल राहिला, तो मी बंद करून टेबलावर ठेवला, मम्मीसमोर. कॅमेऱ्यावरचा ब्लाऊजपीस काढला. हलणारी वस्तू बघून आपोआप वळायची सोय असते त्यात, तीही मी आधीच बंद केलेली. आणि आम्ही दोघी सोफ्यावर बसलो, देवासमोर बसतात तशा. बराच वेळ काही नाही. मम्मी म्हणाली, "बघ, आता कसा गप्प आहे."

घुर्र.

किचन. मग दार. मग आमच्यावर.

मम्मी उठली, कॅमेऱ्याच्या एकदम जवळ गेली, नाकाला नाक लावावं तशी, आणि बघत राहिली. मग मला म्हणाली, "ही ती नाही. ती असती तर मी समोर आल्यावर मान वळवली असती."

एवढंच. पण सून नाही तर कोण, हे त्याहून वाईट होतं. घरात वावरताना आम्ही अंग चोरायला लागलो. कपडे बदलायला मी बाथरूममध्येही टॉवेल लावून दार तपासायचे, जिथे कॅमेरा नव्हताच. कॅमेऱ्याची पिन उपटायची तर पप्पा म्हणाले, राहू दे तसाच उघडा, कोण आहे ते सापडू दे आधी. तेही बरोबर वाटलं.

सापडलं भाजीच्या गाडीवर. मी आणि मम्मी गिलकी निवडत होतो, शेजारी एक बाई मम्मीकडे बघत होती. ओळखीची नाही. मग म्हणाली, "तुमच्याकडे ते मरून रंगाच्या साड्यांचं काम चालू आहे ना? मला पण घ्या ना कामाला."

मम्मीने गिलकं खाली ठेवलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बघितलं ना. चटई हिरवी आहे तुमची. आणि किचनमधलं ते लाकडी कपाट एकदम मस्त केलंय. किती घेतले सुताराने?"

"कुठे बघितलं?"

"कॅमेरावाल्याच्या दुकानात, टीव्हीवर. मी मागे कॅमेरा घ्यायला गेले होते तेव्हा तुमचंच चालू होतं."

भाजीवाला पिशवी घेऊन जा म्हणून ओरडत राहिला. मम्मी निघाली होती. "चाल, दुकानवर जाऊत."

दुकानात भिंतीवर मोठा टीव्ही. त्यावर चार चौकोन. एकात कोणाचा तरी जिना, एकात बंद शटर, एकात कोणाच्या तरी घरातला पाळणा, हलत असलेला. आणि चौथ्यात आमचा हॉल. सोफ्यावर पप्पा, मिलची पाळी करून आलेले, बनियनवर, तोंड उघडं टाकून झोपलेले. स्टुलावर एक गिऱ्हाईक बसलेलं, आणि दुकानवाला हातातल्या मोबाईलवर बोट सरकवत त्याला सांगत होता, जुओ, आम फरे, बधुं देखाय, म्हणजे बघा, असा फिरतो, सगळं दिसतं. टीव्हीवर पप्पा बाजूला सरकले आणि आमचं किचन आलं. ओट्यावर सकाळचा कुकर तसाच.

गिऱ्हाईक म्हणालं, "क्लॅरिटी सरस छे."

मम्मी टीव्हीजवळ गेली. "परत तिकडे कर. सोफ्यावर." दुकानवाल्याने घाबरून खरंच केलं. मम्मीने बोट ठेवलं पप्पांवर.

"हाऊ मना नवरा शे."

दुकानवाल्याने आम्हाला ओळखलं आणि पटकन खुर्ची पुढे केली. "बेन, बसा ना. आ तो डेमो छे. वाईट कशाला घेता, तुमच्या घरी साड्या असतात, खड्यांची चमक येते, गिऱ्हाईकाला क्लॅरिटी समजते. बाकीच्या घरात काय, सोफा नि भिंत."

त्याला खरंच वाटत होतं की तो आमचं कौतुक करतोय. मला याचाच राग जास्त आला, म्हणजे चोर असता तर आपण काय करतोय ते निदान त्याला कळलं असतं.

मम्मीने विचारलं, "आम्हाला विचारलं होतंस?"

"मी तेव्हाच बोललेलो ना, माझ्या नंबरवर चालू करतो, तुम्ही कोणी ना नाही बोललात."

"आणि त्या पाळणावालीला?"

तो मोबाईलकडे बघायला लागला. मम्मी म्हणाली, "काढ. माझ्यासमोर काढ. तिचंही." त्याने काढलं. दोन चौकोन काळे झाले. स्टुलावरचं गिऱ्हाईक उठलं, खिशात हात घालून म्हणालं, "मारे नथी जोईतो," नको मला, आणि चालायला लागलं.

घरी येऊन कॅमेऱ्याची पिन मीच उपटली. आणि तेव्हा डोक्यात लख्ख पडलं, कुलूप. अ‍ॅप उघडलं तर कुलपाच्या यादीत सगळ्यात वर, मालक म्हणून, एक बोट. माझं नाही, पप्पांचं नाही. टेस्टिंगवाला अंगठा. म्हणजे इतके दिवस आमच्या घराचा मालक तो होता, आणि आम्ही त्याचे पाहुणे.

पप्पा तेव्हा पहिल्यांदा चिडले, ताबडतोब लोखंडी कडीला जुनं कुलूप शोधायला लागले. मी व्हिडिओ बघून बघून कुलपाचं मशीन पुसलं, म्हणजे त्यातली सगळी बोटं उडवली, मागच्या बारीक भोकात पिन खुपसून. आता ते कोरं. आता जो पहिलं बोट लावेल तो मालक. मी अंगठा पुढे केलाच होता.

मम्मीने मनगट धरलं. "थांब. तिला येऊ दे."

"कोणाला?"

तिने माझाच मोबाईल घेतला आणि वहिनीला लावला. आणि काय बोलली असेल? माफी नाही. "कुलूप पुसलंय आम्ही. पहिलं बोट तुझं लागेल. तोपर्यंत साधं कुलूप लावतोय, तर उशीर करू नको."

मग वहिनी म्हणाली, "मम्मी, मी बघत होते का?"

"नव्हतीस."

"मग तेवढं म्हणा ना."

मम्मीने माझ्याकडे पाठ केली. "नव्हतीस. मी उगाच तुझ्यावर घेतलं."

मी हे ऐकलं नाही असं दाखवलं आणि किचनमध्ये जाऊन तो सकाळचा कुकर घासत बसले.

ते आले तेव्हा टेम्पोत सामानावर कूलर आडवा बांधलेला, वहिनीच्या कपाळावर घाम. मम्मीने तिला घरात येऊ दिलं नाही, आधी बोट. वहिनीने साडीला हात पुसून अंगठा लावला, मशीन काहीतरी इंग्रजीत बोललं आणि दार उघडलं.

मम्मी बाहेरच उभी. "आता तू मालक. माझं बोट तर ते ओळखत नाही. मला आत घेशील ना?"

"विचार करते," वहिनी म्हणाली.

हॉलमध्ये परत बायका बसतात. कॅमेरा लोखंडी कपाटात आहे, ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून, तोंड खाली करून, वायरीशिवाय. तरी काकू चटईवर बसायच्या आधी एकदा कपाट बंद आहे ना ते ओढून बघतात. आणि घराला कुलपं दोन आहेत, वहिनीच्या बोटाचं वर आणि कडीचं खाली. कडीच्या कुलपाची चावी मम्मीच्या कमरेला असते. वहिनीने विचारलं होतं एकदा, आता खालचं कशाला मम्मी? मम्मी म्हणाली, वरच्या मशीनला झोप लागली तर.